शनिवारची सकाळ आमची नव्हती

या, अशा जवळ सरका. कोट त्या खुंटीवर टाका आणि ही उशी पाठीशी घ्या, बसून ऐकायची गोष्ट आहे. आमच्या ब्रॅझेल घराण्यातली एक दुपार सांगते. त्या दुपारी एका मुलाला त्याचं घर परत मिळणार होतं, नाहीतर कायमचं जाणार होतं. मी ओलीटा, त्या घरची आत्या. माझा भाऊ एल्टन कसा गेला, आणि त्याच्यामागे माझ्या वहिनीने, लरलीनने, दोन पोरं कार्टूनच्या रंगांवर कशी वाढवली, ते मागे सांगून झालंय. आता प्रभू मला आवाज देवो आणि तुम्हाला कान.

ब्याण्णव सालचा सप्टेंबर. त्या शनिवारी सूर्य मावळल्यावर आमच्या पॅसाडीनाच्या चर्चच्या मंडळीची बैठक होती आणि तिच्यापुढे एकच प्रश्न होता: वहिनीच्या मुलाला, क्लेमेंट ब्रॅझेलला, पुन्हा मंडळीत घ्यायचं की नाही. आमच्याकडे हे हात वर करून ठरतं. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं, की वहिनीचा हात मांडीवर राहिला तर दुसरा एकही हात वर जाणार नाही. सख्ख्या आईने ज्याला नको म्हटलं त्याला हो म्हणण्याची छाती आमच्यात कुणाची नाही. आणि काही वर्षांपूर्वी क्लेमेंटचं नाव मंडळीच्या यादीतून काढायची वेळ आली, तेव्हा पहिला हात वहिनीचाच वर गेला होता. क्लेमेंट तेव्हा समुद्रापलीकडे, तैपेईला होता; आता परत आला होता.

सकाळच्या उपासनेत पाळक पेटवेंनी बायबलातले याकोब आणि एसाव घेतले; भावाला फसवून परागंदा झालेला याकोब वर्षांनी परततो आणि एसाव समोरून येतो, तो भाग. पेटवे आधी नुसते बोलतात. मग बोलण्याला ठेका येतो, मग ठेक्याला सूर फुटतो, आणि शेवटी ते सांगताहेत की गाताहेत हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. ऑर्गनवरची पोरगी त्यांच्या मागे एकेक सूर ठेवत जाते. मला विचाराल तर देवाने माणसाला गळा याचसाठी दिला. "एसाव चालत आला नाही," ते म्हणाले. "बोला पाळक," आम्ही म्हणालो. "एसाव रेंगाळत आला नाही. एसाव आपला हिशेब घेऊन आला नाही. एसाव धावला." तो 'धावला' त्यांनी असा ओढला, की पंखे हलवणाऱ्या बायांचे हात थांबले. मागच्या बाकावर क्लेमेंट मान खाली घालून बसला होता. मी रडत होते. माझ्या शेजारी वहिनी पांढऱ्या टोपीखाली ताठ बसून होती, जणू ती हकिकत दुसऱ्याच कुठल्या गावची होती.

बाहेर पडताना ती मला म्हणाली, "पाळकांना जेवायला बोलावलंय. ते त्याला गाडीतून आणणार म्हणतात. आणू देत. पाळकांचा पाहुणा म्हणून बसेल. माझा म्हणून नाही."

"वहिनी, ताट तर तुझ्याच घरचं ना?"

"ताट घरचं आहे. पाहुणा नाही," ती म्हणाली आणि हातमोजे चढवू लागली.

शब्बाथाला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, आम्ही काम करत नाही, चूलही पेटवत नाही. सगळं शुक्रवारी दिवस असतानाच शिजतं आणि शनिवारी फक्त कोमट होतं. त्या दिवशी अक्रोड आणि कॉर्नफ्लेक्सचा भाजलेला लोफ होता, कापून वाढायचा, कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव, मॅकरोनी, आणि गोडाला पीचचा कॉबलर. आमच्या पंथात मांस नाही. माझ्या भाचीने, ॲर्डिसने, टेबल मांडलं होतं. ॲर्डिस मंडळीची चिटणीस. शाळेतही शिकवते, आणि दोन्हीकडे तिचा आवाज एकच असतो. तिने पाच ताटं मांडली आणि पाचव्यासमोर मुद्दाम पाहुण्यांचा ग्लास ठेवला, तो नक्षीचा, घरच्यांना कधीच मिळत नाही तो.

क्लेमेंट दारात थबकला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण पायपुसण्यावर पाय इतके घासले, की मला तो पुन्हा सहावीतला दिसला.

"ये, आत ये," मी म्हणाले. "आत्याला मिठी मारायला परवानगी लागत नाही."

"बारीक झालीस, आत्या."

"खोटं बोलायचं तर सूर्य मावळल्यावर बोल."

तो हसला. वहिनीकडे वळून म्हणाला, "शब्बाथाच्या शुभेच्छा, आई."

"शुभेच्छा," वहिनी म्हणाली, पाळकांकडे बघत.

प्रार्थना झाली, वाडगे फिरू लागले. शांतता जड होते आहे असं दिसताच पाळकांनी तोंड उघडलं. ती त्यांची खोडच आहे. भल्या मनाची खोड. "माझी नातवंडं रडकुंडीला आली आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या आईने चर्चला आणायचं बंद केलंय, ते सोडा. पण या महिन्यापासून टीव्हीच्या त्या मोठ्या वाहिनीने शनिवारची कार्टून बंद केली म्हणे. आता तिथे बातम्या आणि कॉलेजातल्या पोरापोरींची नाटकं."

"बरं झालं," ॲर्डिस म्हणाली. "निदान आता शनिवारी सकाळी देवळात यायला पोरांना एक सबब कमी."

"बरं काय झालं त्यात?" वहिनी म्हणाली.

सगळ्यांचे काटे थांबले. ॲर्डिसला वाटलं होतं, आई आपल्या बाजूने असेल. क्लेमेंटलाही तसंच वाटलं होतं.

"नाही, मी विचारते," वहिनी म्हणाली. "लोकांच्या पोरांना आठवड्यात एक सकाळ हक्काची होती. आईबाप झोपलेले, वाडग्यात दूध, समोर रंग. ते गेलं, त्यात बरं काय झालं?"

"आई, तू स्वतः आम्हाला एक दिवससुद्धा बघू दिलं नाहीस."

"आपली सकाळ देवाची होती. म्हणून दुसऱ्याची वाईट होती असं मी कधी म्हटलं?"

इथे तुम्हाला ती जुनी गंमत पुन्हा ऐकावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साठच्या दशकात टीव्हीच्या वाहिन्यांनी शनिवारची सकाळ पोरांच्या हवाली केली. गोड सीरियलवाल्यांच्या जाहिराती आल्या, आणि आमच्या डोंगरापलीकडच्या स्टुडिओंना एकदम शेकडो हात लागले. वसंतात वाहिनी मागणी द्यायची, सप्टेंबरात माल पोचला पाहिजे, मग उन्हाळाभर दिवसरात्र काम आणि हिवाळ्यात सगळ्या घरी. वहिनी रंगखात्यात लागली. काचेसारख्या पारदर्शक तावावर पुढून शाईची रेघ, आणि बायकांनी उलट्या बाजूने रंग भरायचा. त्या तावाला सेल म्हणत. हातात पांढरे सुती मोजे, त्यांची तीन बोटं कापलेली. एका शर्यतीतल्या मोटारीला हजारो सेल. आणि हे सगळं जगात दाखवलं जायचं ते बरोबर आमच्या शब्बाथाच्या सकाळी. वहिनीने आयुष्याची उमेद ज्यात ओतली ते तिने दाखवलं जाताना एकदाही पाहिलं नाही. आम्ही ठेवणीतल्या टोप्या-बुटांत गाडीकडे निघायचो आणि शेजारच्या खिडकीतून कार्टूनची धून यायची. क्लेमेंट फाटकाशी रेंगाळायचा. "आई, हे तुझं आहे का?" विचारायचा. वहिनी नुसती कान देऊन सांगायची, "हो. निळा कुत्रा. चल."

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ती टेबल सोडायची. भर हंगामात. शेजारच्या टेबलावरची इर्मा, हंगेरीहून आलेली, धड इंग्रजीही न येणारी, न बोलता वहिनीचा गठ्ठा आपल्याकडे ओढून घ्यायची. रविवारी वहिनी इर्माचा करायची. या व्यवहारावर अख्खं खातं चालायचं.

क्लेमेंट तिथेच शिकला, आईच्या टेबलाशी. पुढे काम समुद्रापलीकडे जाऊ लागलं. त्याविरुद्ध संप झाला, वहिनी फलक घेऊन स्टुडिओच्या दारात उभी राहिली. संप हरला. आणि त्याच महिन्यात स्टुडिओने क्लेमेंटला तैपेईला पाठवलं, तिथल्या बायकांना रंग भरायला शिकवण्यासाठी. तो गेला, आईला विमानतळावरून फोन करून. वर्षभरात इथलं रंगखातं बंद झालं. चाळीसेक बायका घरी बसल्या. इर्मा मुलीकडे फिनिक्सला गेली आणि तिथेच वारली. मग तिकडून परतलेल्या एका मिशनरी बाईंनी सांगितलं, तुमचा क्लेमेंट शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी स्टुडिओत ब्रश धरून बसलेला असतो. त्यावर ती बैठक झाली आणि वहिनीचा हात वर गेला.

आता जेवणाच्या टेबलावर परत या.

पाळकांनी तोंड पुसलं. "क्लेमेंट, बाळा, संध्याकाळी मला मंडळीपुढे विचारावंच लागेल. त्यापेक्षा इथे विचारतो. त्या बाई म्हणाल्या ते खरं? शब्बाथाला काम केलंस?"

"केलं," क्लेमेंट म्हणाला.

"कधीतरी? की नेहमी?"

"शुक्रवारी संध्याकाळी नेहमी. शनिवारी सकाळी दहापर्यंत, कधी अकरा."

"ऐकलंत?" ॲर्डिस म्हणाली. "सांगतोय कसा, जसं काही वेळापत्रक."

"खरं विचारलं, खरं सांगितलं."

"आणि त्याच शनिवारी आई इथे गुडघ्यावर तुझ्यासाठी रडत होती."

"ॲर्डिस," वहिनी म्हणाली.

"मी बोलणार आहे, आई. दर शुक्रवारी तू फोनपासून उठून आत जायचीस. फोन कोण घ्यायचं? मी घ्यायची. इतक्या लांबून, इतक्या महागाचा फोन, आणि हा विचारायचा काय? कसं आहे, काय आहे, काही नाही. 'दिवस मावळला का?' बस. मी म्हणायची, मावळला. हा म्हणायचा, बरं. आणि ठेवून द्यायचा. मला चिडवायला. इकडे आमचा शब्बाथ सुरू झाला आणि मी तिकडे मजेत कामावर आहे, हे सांगायला…"

ती थांबली.

ॲर्डिसने मला नंतर सांगितलं, की वाक्य तोंडात असतानाच तिच्यातली मास्तरीण जागी झाली. वर्गातला पृथ्वीचा गोल तिच्या डोळ्यांपुढे आला, त्याच्यावर आडवी फिरणारी तिची स्वतःची खडू लागलेली बोटं. पॅसाडीनात शुक्रवारचा सूर्यास्त. तैपेईत तेव्हा किती वाजतात? ती हा प्रश्न दर वर्षी पोरांना घालते. शनिवारची सकाळ. नऊ, दहा. उन्हाळ्यात अकरा.

"शनिवारी दहानंतर काय करायचास?" तिने विचारलं. आवाज निराळाच होता.

क्लेमेंट लोफचा तुकडा ताटात इकडून तिकडे करत राहिला.

"क्लेम, दहानंतर काय करायचास?"

"मोजे काढायचो. खोलीवर जायचो."

"आणि रविवारी?"

"रविवारी सकाळी दहाला परत कामावर. शनिवारी तुझा फोन ठेवला की मी मोजे काढायचो."

पाळक आमच्यात सगळ्यात हळू हिशेब करणारे. त्यांना अजून लागलेलं नव्हतं. "म्हणजे कसं?" ते म्हणाले.

"म्हणजे हा आईचा शब्बाथ पाळत होता, पाळकसाहेब," ॲर्डिस म्हणाली. "तिथे बसून. इथल्या सूर्यावर. मी फोनवर 'मावळला' म्हटलं की याचा सुरू व्हायचा." मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती भावावर उलटली. "गाढवा, हे तेव्हा का नाही सांगितलंस? तुझं नाव काढलं आम्ही."

"तू दोन शब्दांवर तिसरा ऐकलास का कधी? आणि आईला सांगायला ती फोनवर यायला हवी होती. मंडळीला लिहिलं असतं तर ते मंडळीला दाखवायला झालं असतं."

पाळकांनी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, आता सूर फुटतो. पण ते हळूच म्हणाले, "बाळा, ते चूक आहे. खरंच चूक आहे. माणूस जिथे उभा असतो तिथला सूर्य त्याला दिलेला असतो. तू ना तिथला शब्बाथ पाळलास, ना धड इथला. आपल्या पंथात हजार तऱ्हेची माणसं चुकताना पाहिली, पण असं चुकलेला तू पहिला." आणि त्यांचे खांदे हलू लागले. हसत होते की रडत होते देव जाणे. मी तर दोन्ही करत होते. ॲर्डिस उठली, भावासमोरचा नक्षीचा ग्लास उचलून नेला आणि घरचा साधा पेला आणून ठेवला.

आता सगळं सुटलं, असं पाळकांना, ॲर्डिसला आणि मला वाटलं. आम्ही तिघांनी वहिनीकडे पाहिलं.

वहिनीने हातरुमालाची घडी केली. "झालं तुमचं?" ती म्हणाली. "मग ऐका. शब्बाथासाठी मी हात वर केला नव्हता. मंडळीने शब्बाथासाठी केला. मी नाही."

"आई," ॲर्डिस म्हणाली.

"देवाचं देणं देव बघून घेईल, तो दयाळू आहे. त्या चाळीस बायकांचं कोण बघणार होतं? इर्मा या टेबलावर बसून कोबीची भाजी खायची. तिने मला विचारलं होतं, लरलीन, तुझा मुलगाच का? काय सांगायचं मी तिला?" ती पहिल्यांदाच क्लेमेंटकडे वळली. "तू तिकडच्या बायकांना रंग फासायला शिकवलंस की ढकलायला?"

हे तुम्हाला सांगायला हवं. सेलवर रंग ब्रशने फासला तर प्रकाशात पट्टे दिसतात. वहिनी रंगाचा एक थेंब टेकवायची आणि तो तलावासारखा भरलेला थेंब ब्रशच्या टोकाने रेघेपर्यंत ढकलत न्यायची. सगळ्यांना जमायचं नाही. क्लेमेंटला तिनेच मनगट धरून शिकवलं होतं.

"ढकलायला," क्लेमेंट म्हणाला. "तुझ्यासारखं."

"म्हणजे माझं काम नेलं नाहीस. माझा हातच नेलास."

"हो."

"निदान नाही तरी म्हण."

"नाही कसं म्हणू? मला दुसरा हात येतच नव्हता."

पाळक काही बोलायला गेले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. वहिनी उठली, वाडगे उचलून स्वयंपाकघरात गेली आणि तिच्यामागे दार हलत राहिलं. शब्बाथाला ती भांडी घासत नाही, त्यामुळे आत जाऊन करण्यासारखं काहीच नव्हतं. क्लेमेंट तसाच बसून राहिला.

"जा," ॲर्डिस त्याला म्हणाली.

"ती म्हणाली, पाहुणा आहे."

"आता पेला घरचा आहे. ऊठ."

तो आत गेला. मी कॉबलर आणायच्या निमित्ताने त्याच्यामागे गेले, आणि खरं तर ऐकायलाच गेले. वहिनी मोरीच्या खिडकीशी पाठमोरी होती.

मग तिने विचारलं, "माझ्या टेबलावर कोण बसलं?"

"तिकडे टेबलं वेगळी होती, आई."

"मला कळतंय ते. मी विचारतेय, माझा हात कुणाच्या हातात गेला? चाळीसजणींना शिकवलं असशील. पण एखादीला पुरता येतो. कोणाला आला?"

क्लेमेंटला उत्तर शोधावं लागलं नाही. "सू-चेनला," तो म्हणाला. "लिन सू-चेन. पोरगी पुढे उभी करून स्कूटरवरून यायची. पोरगी टेबलाखाली झोपायची."

"चांगली भरायची?"

"तिथे हवा इतकी दमट, की रंग वाळायचाच नाही. सेल एकमेकांना चिकटायचे, गठ्ठेच्या गठ्ठे फुकट जायचे. तिने केस वाळवायचं यंत्र घरून आणलं. मग सगळ्याच बायकांनी आणलं. दुपारी सगळी सुरू झाली की वीज जायची." तो जरा हसला. "तुझ्याहून चांगली नव्हती. पण घाईत असली तरी कडेला रंग सांडायची नाही."

"घाईतच कळतं," वहिनी म्हणाली. मग, "ती बोलायची तुझ्याशी?"

"माझं चिनी वाईट, तिचं इंग्रजी वाईट. एकदा विचारलं, शनिवारी दहाला सगळे काम करतात आणि तू मोजे काढून कुठे जातोस? मी खुणेनं सांगितलं, माझ्या आईच्या घरी आता सूर्य बुडतोय. तिने मान हलवली. पुढच्या शनिवारी मी उठलो तर माझा गठ्ठा ती आपल्या टेबलाकडे ओढत होती. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. मी असेपर्यंत दर शनिवारी."

वहिनी वळली. तिचा चेहरा मी एल्टनच्या दफनाला पाहिला होता, तेव्हाही असा नव्हता. ती नंतर मला म्हणाली, "ओलीटा, माझी जागा घेतलेल्या एका बाईवर मी इतकी वर्षं दात खात होते, आणि तिला चेहराच नव्हता. आणि ती तिकडे माझ्या मुलाचं ओझं उचलत होती, माझ्या सूर्यासाठी."

पण तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता काय करते ती?"

"तिचंही टेबल गेलं. काम आता चीनमध्ये जातंय, तिकडे अजून स्वस्त. आणि इथल्या वाहिनीने कार्टूनच बंद केल्यावर कुठलं काम? गल्लीच्या तोंडाशी सोयाबीनचं दूध आणि तळलेल्या पिठाच्या काठ्या विकते. पहाटेपासून."

"शनिवारीसुद्धा?"

"शनिवारी गर्दी जास्त असते."

वहिनीने ओट्याला हात टेकला. "तू मला विमानतळावरून सांगितलंस," ती म्हणाली. "फोनवर. दारात येऊन नाही. ते माझ्या मनातून जाणार नाही, क्लेमेंट. मी देव नाही. कधी कधी मी तुझ्याकडे बघेन आणि तुला ते माझ्या डोळ्यांत दिसेल. तू ते सहन करशील का?"

"करीन."

"मग तो कॉबलर उचल. पाळक वाट बघतायत, आणि तुझी आत्या मघापासून दाराआड उभी राहून थकली असेल."

संध्याकाळी बैठकीला देऊळ भरलं होतं. लोक नुसते मतासाठी आले नव्हते, बघायला आले होते, आणि त्यांच्यातली मीही एक होते असं समजा. पाळकांनी क्लेमेंटची चूक जशी होती तशी सांगितली. ती ऐकताना मागच्या बाकांवर कुणीतरी पृथ्वीचा हिशेब शेजाऱ्याला समजावू लागलं आणि ॲर्डिसने चिटणिसाच्या खुर्चीतून "शांतता" म्हटलं. मग पाळक म्हणाले, "या भावाला पुन्हा बाप्तिस्मा देऊन आत घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा."

कुणी हललं नाही. सगळ्या टोप्या एका टोपीकडे वळलेल्या.

वहिनी उभी राहिली. "हात वर करायच्या आधी मला एक मागायचंय," ती म्हणाली. "आपण घरच्यांसाठी प्रार्थना करतो, आजाऱ्यांसाठी करतो, प्रवासातल्यांसाठी करतो. मला एक नाव त्यांत घालायचंय. ती आपल्या पंथाची नाही. आपल्या देवाचीही असेल नसेल, मला माहीत नाही. तिने माझ्या मुलाचा शब्बाथ राखला, तो चुकीचा होता तरी." मग तिने हात वर केला. तिच्या पाठोपाठ पहिला मी केला असं मी म्हणते, ॲर्डिस म्हणते आपण केला. त्यानंतर मोजायला कुणाला वेळ झाला नाही.

पाळकांनी नाव विचारलं. क्लेमेंटने सांगितलं. पेटवेंच्या जिभेवर ते बसेना. दोनदा अडखळले, कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि ते नाव बोलायचा नाद सोडून गाऊ लागले. लिन, खाली. सू, वर चढत. चेन, जिथे ऑर्गनवरची पोरगी आधीच त्यांची वाट बघत बसली होती. मी पुष्कळ उपदेश ऐकलेत, पण तीन अक्षरांचा तो एकच. आम्ही सगळ्यांनी ते उचललं. वहिनीचा आवाज चांगला नाही, कधीच नव्हता, पण तिने ते सगळ्यांच्या मागून, सगळ्यांहून उशिरा संपवलं.

तर आता घरी जाल, कुणाला वाढाल, कुणासाठी चार शब्द देवाकडे मागाल, तेव्हा आमची आठवण काढू नका, आमच्यासाठी मागणारे पुष्कळ आहेत. लिन सू-चेन म्हणून एक बाई तैपेईच्या एका गल्लीत शनिवारी भल्या सकाळी दूध उकळत उभी असते. तिचं नाव घ्या. बोलता आलं नाही तर गा.